उपाशी नगरीचा आवाज

शब्दांनीं पोट भरत नाहीं असें आपण म्हणतों, आणि तें खरेंच आहे. घरांत धान्याचा कण नाहीं, चुलींत लांकूड नाहीं, अशा वेळीं कोणी काव्य ऐकवूं लागला तर ती क्रूर थट्टाच वाटावयाची. परंतु एका महानगरावर नेमकी अशी वेळ आली असतां तेथील उपाशी माणसें एका कवयित्रीच्या आवाजाची वाट पाहत असत. तें नगर म्हणजे रशियांतील लेनिनग्राड, आणि ती कवयित्री म्हणजे ओल्गा बेर्गोल्त्स.

नेवा नदीच्या कांठचें हें नगर आज पुन्हां सेंट पीटर्सबर्ग या आपल्या जुन्या नांवानें ओळखलें जातें. ८ सप्टेंबर १९४१ रोजीं जर्मन सैन्यानें तेथें जाणारा अखेरचा खुष्कीचा मार्ग तोडला आणि नगराला वेढा पडला. तो पूर्णपणें उठला २७ जानेवारी १९४४ रोजीं. पहिला हिवाळा सर्वांत भीषण होता. २० नोव्हेंबर १९४१ पासून कामगाराला दिवसाला २५० ग्रॅम पाव मिळूं लागला. कारकून, मुलें व अवलंबून असणारीं माणसें यांच्या वांट्याला अवघे १२५ ग्रॅम, म्हणजे आपल्याकडील जुन्या मापानें पावणेअकरा तोळे. त्या पावांतहि धान्याखेरीज पेंड व लांकडाचा लगदा मिसळलेला असे. नळ गोठले, ट्रामगाड्या जागच्या जागीं बर्फांत रुतल्या. बायका नेवेच्या बर्फाला पाडलेल्या भोंकांतून पाणी काढून आणीत, आणि मुलांच्या खेळण्याच्या घसरगाड्यांवरून प्रेतें स्मशानाकडे ओढून नेलीं जात. वेढ्यांत मेलेल्या नागरिकांची गणना सहा लाखांहून अधिक होते. कित्येक इतिहासकार ती दहा लाखांपर्यंत नेतात.

ओल्गाबाईंचा जन्म याच नगरांत १९१० सालीं झाला. वडील डॉक्टर होते. बाईंच्या आयुष्यांत सुखाचा भाग थोडाच होता. दोन लहान मुली १९३० नंतरच्या दशकांत दगावल्या. पूर्वीचे पति, कवि बोरिस कोर्निलोव्ह, यांना १९३८ सालीं सरकारनें गोळी घालून ठार केलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत खुद्द बाईंनाहि खोट्या आरोपावरून तुरुंगांत टाकण्यांत आलें. त्या वेळीं त्या गरोदर होत्या; तें मूल गेलें. १९३९ च्या जुलैमध्यें त्यांची सुटका झाली. ज्या सत्तेनें हें सारें केलें तिच्यासाठीं घसा कोरडा करण्याचें त्यांना कांहींच कारण नव्हतें. परंतु सत्ता निराळी आणि आपलें गांव निराळें. युद्ध पेटतांच त्या नगराच्या नभोवाणी-केंद्रांत कामाला लागल्या.

लेनिनग्राडमध्यें घरोघरीं भिंतीवर काळ्या कागदाचा, थाळीच्या आकाराचा ध्वनिक्षेपक असे, आणि तारेनें तो केंद्राशीं जोडलेला असे. कार्यक्रम नसेल तेव्हां त्यांतून एका यंत्राची टिकटिक ऐकूं येई. टिकटिक संथ असली म्हणजे आकाश निर्धास्त. ती जलद झाली म्हणजे विमानांचा हल्ला. अंधारांत पडलेल्या माणसाला ती जणूं नगराची नाडीच वाटे. त्याच थाळींतून ओल्गाबाई बोलत. त्यांच्या बोलण्यांत रणगर्जना नसे. शेजारीण शेजारणीशीं बोलते तसें तें बोलणें असे: थंडी, अंधार, पावाची रांग, घरांतलें मरण. सांगणारी स्वतः तितकीच उपाशी आहे हें ऐकणाऱ्यांना ठाऊक होतें. म्हणूनच त्यांचा तिच्यावर विश्वास बसला.

२९ जानेवारी १९४२ रोजीं त्यांचे पति निकोलाय मोल्चानोव्ह उपासमारीनें खंगून वारले. पुढच्याच महिन्यांत बाईंनीं 'फेब्रुवारीची दैनंदिनी' हें दीर्घ काव्य रचलें. आपला जिवलग पुरून आलेली एक मैत्रीण घरीं येते, आणि दोघी पहाटेपर्यंत मुक्यानें बसून राहतात, अशी त्याची सुरुवात आहे. तेथें सांत्वनाचा शब्द नाहीं. दुःखिताच्या शेजारीं नुसतें बसणें, एवढेंच तेथें सांत्वन आहे. ज्या नगरांत घरोघरीं प्रेत होतें, तेथें याहून खरें कोणी काय सांगावें?

खरी कसोटी मात्र मार्चमध्यें लागली. बाईंची प्रकृति ढासळली म्हणून त्यांना विमानानें मॉस्कोला नेण्यांत आलें. तेथें ऊब होती, अन्न होतें. परंतु लेनिनग्राडच्या उपासमारीविषयीं नभोवाणीवर अवाक्षर काढण्याची परवानगी नव्हती. लोक कसे मरताहेत हें बाहेर कळूं द्यावयाचें नव्हतें. त्याच महिन्यांत त्यांच्या वृद्ध वडिलांना लेनिनग्राडमधून सैबेरियाकडे हद्दपार करण्यांत आलें. मॉस्कोंत राहिल्या असत्या तर बाईंना कोणीहि नांवें ठेवलीं नसतीं. पण जेथें पोट भरतें तेथें खरें बोलतां येत नाहीं, आणि जेथें खरें ऐकणारीं माणसें आहेत तेथें पोट भरत नाहीं, या पेचांतून त्यांनीं दुसरें निवडलें. एप्रिलमध्यें त्या वेढ्यांत परतल्या. जें उघड बोलतां येत नव्हतें तें त्यांनीं खासगी रोजनिशींत लिहून ठेविलें. तें सारें छापून यावयास मात्र त्यांच्या मृत्यूनंतर बरींच वर्षें जावीं लागलीं.

पिस्कार्योव्ह स्मशानभूमींत वेढ्यांतील सुमारें पांच लाख माणसें सामुदायिक थडग्यांत विसांवलीं आहेत. १९६० सालीं तेथें स्मारक उघडलें गेलें, आणि त्याच्या दगडी भिंतीवर ओल्गाबाईंचेच शब्द कोरलेले आहेत. १९७५ सालीं त्या वारल्या. आपल्यालाहि याच मृतांशेजारीं पुरावें ही त्यांची इच्छा होती. ती पुरविली गेली नाहीं.

मग शब्दांनीं पोट भरतें काय? याचें उत्तर त्याच पहिल्या हिवाळ्यांतील एका प्रसंगांत आहे. तो पुढें बाईंनींच सांगितला आहे. १९४२ च्या जानेवारींत वीज तुटल्यामुळें नगराच्या बऱ्याच भागांतील ध्वनिक्षेपक मुके झाले. तेव्हां अशक्त माणसें काठ्या टेकीत, बर्फ तुडवीत केंद्रापर्यंत चालत आलीं. त्यांनीं पाव मागितला नाहीं. एक वेळ पोटाला कमी मिळालें तरी सोसूं, पण हा आवाज बंद पडूं देऊं नका, एवढेंच त्यांचें मागणें होतें.