राजांचे डबे राहिले, आमचा कुठे गेला?

दसऱ्याला ऑफिसला सुट्टी, म्हणून आदल्या दिवशीच आम्ही डोंबिवलीकर बायका लेडीज डब्याला झेंडूची तोरणं बांधत आलो. हळदीकुंकू लावलं, पेढे वाटले. त्याच डब्यात आम्ही भाजी निवडली, डोहाळजेवणं केली, एकमेकींच्या खांद्यावर रडलोही. आता आमच्यातल्या बऱ्याच जणी निवृत्त झाल्या आहेत. मागे सहज विषय निघाला : आपला तो जुना डबा गेला कुठे?

उत्तर सोपं आहे. वय झालं की डबा बाद होतो आणि लिलावात भंगाराच्या भावाने जातो. २०१६ च्या एप्रिलमध्ये डीसी विजेवरची मुंबईतली शेवटची लोकल हार्बर मार्गावर धावली आणि एक पिढीच संपली.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली. चौदा डबे आणि चारशे पाहुणे. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. एवढा मान ठाण्याचा, पण त्या चौदा डब्यांपैकी एकही इथे पाहायला मिळत नाही.

मग जपलं काय गेलं? दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात बडोद्याच्या गायकवाडांचा १८८६ चा डबा आहे, म्हैसूरच्या महाराजांचा १८९९ चा आहे. ते डबे खासगी मालकीचे, थाटाचे. म्हणून लोकांना ते ठेवावेसे वाटले. तिसऱ्या वर्गाच्या बाकावर मूल मांडीवर घेऊन बसलेल्या बाईचा डबा कोणाला राजेशाही वाटणार?

अमेरिकेत हौशी माणसं जुने डबे विकत घेऊन दुरुस्त करतात, गाडीला जोडून फिरतातही. आम्हीही गमतीत म्हटलं, वर्गणी काढून एक घेऊया! पण लोकलचा डबा वीस मीटरहून लांब. तो उचलायला क्रेन, ठेवायला जागा, वर छप्पर, दरवर्षी रंग. नाहीतर आपल्या पावसात पत्र्याची चाळण व्हायला किती वेळ लागतो?

मुंबईत सीएसएमटीला २०२१ साली बाद डब्यात उपाहारगृह सुरू झालं. डबा वाचला, हे चांगलंच. पण आतली बाकं गेली, कड्या गेल्या. सांगाडा राहिला, घर मोडलं.

आमचं मागणं साधं आहे. ठाण्यात किंवा कल्याणात, छपराखाली, एक लेडीज डबा आहे तसा ठेवावा. बाकं, कड्या, खिडकीच्या जाळ्या, सगळ्यासकट. १९९२ मध्ये कल्याणची लेडीज स्पेशल सुरू झाली, तेव्हापासूनची कहाणी त्यात सांगता येईल.

तोवर आपल्या हातात आहे ते करूया. जुना पास, दसऱ्याचा फोटो फेकू नका. मागे तारीख आणि मैत्रिणींची नावं लिहा. आम्ही सुरुवात केली, तर एका फोटोतल्या तिघींची नावं कोणालाच आठवेनात. रोज एकाच बाकावर बसत होतो आम्ही!