पिल्लाआधी त्याची आई बघा

(वसंत व्याख्यानमाला : तिसरे पुष्प)



कोंबड्यांचे शत्रू कोण, मुंगूस, रानमांजर, खोकड, घार, ही उजळणी तुमच्यासमोर करत नाही. इथल्या निम्म्या घरांत खुराडी आहेत. मला सगळे विचारतात ते एकच : कुत्रा कोणत्या जातीचा घेऊ? माझं उत्तर ठरलेलं आहे. जिथे कुत्री कोंबड्यांच्या वावरात व्याली, त्या घरचं पिल्लू घ्या. खाण तशी माती.

जातीला अर्थ नाही असं नाही. पश्मी, कारवानी ही आपली देखणी कुत्री सशामागे धावण्यासाठीच घडली. तलंग पळाली की त्यांना आवरणं कठीण. लॅब्रॅडॉर तर गोळी लागून पडलेलं पाखरू उचलून आणणारा. (समोरून : "आमचा फार गरीब आहे हो!") असेल, वहिनी. त्याला नावं ठेवत नाही. पण त्याने कोंबडी प्रेमाने उचलली, तरी तिचा जीव जाऊ शकतो.

अमेरिकेत बार हार्बरला स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी पिल्लांवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांचं पुस्तक १९६५ मध्ये आलं. तिसऱ्या ते साधारण बाराव्या आठवड्यात पिल्लू ज्यांच्यात वावरतं, त्यांना आपलं मानतं. म्हणून मी आईचा आग्रह धरतो. त्यातले पहिले पाचसहा आठवडे तुमच्या हातात नसतातच, ते तिच्या अंगणात जातात.

आमचा मोत्या सहा महिन्यांचा असताना शहरातल्या फ्लॅटमधून आला. कोंबडी त्याने पाहिलीच नव्हती. चार महिने गुण्यागोविंदाने गेले. एका दुपारी आम्ही लग्नाहून परतलो, तर अंगणभर पिसं. पाच तलंगा गेल्या होत्या, खाल्लेली एकही नाही. शेवटची अजून गरम होती. ती पुन्हा पळावी म्हणून मोत्या तिला पंजाने हलवत होता आणि आम्हाला बघून शेपटी हलवत होता. त्याच्यासाठी तो खेळ होता.

शेजाऱ्यांनी सांगितलं, मेलेली कोंबडी गळ्यात बांधा, जन्माची अद्दल घडेल. आम्ही बांधली. दोन दिवस तो ते सडकं ओझं घेऊन पडवीच्या कोपऱ्यात बसला. पुढे कोंबडी पळाली की त्याचे कान तसेच उभे राहायचे. माझा हात वर गेला की मात्र तो जमिनीला चिकटायचा. कृपा करून हा उपाय कुणीही करू नका.

आता ऑस्ट्रेलियातली गोष्ट. वॉर्नंबूलजवळ मिडल आयलंड नावाचं बेट आहे. ओहोटीला कोल्हे पाण्यातून चालत तिथे जायचे. एके काळी शेकड्यांनी असलेले छोटे पेंग्विन २००५ मध्ये दहाच्याही आत आले. एका कोंबडीपालकाने सुचवलं, माझी मारेम्मा कुत्री कोंबड्या राखतात, तीच नेऊ. २००६ मध्ये कुत्रं बेटावर गेलं. पेंग्विन पुढे शंभरावर गेले! (टाळ्या) मारेम्मा इटलीची, मेंढ्या राखणारी. पण मेंढ्यांची राखण कोंबड्यांवर आणि तिथून पेंग्विनवर आली ती सहवासातून...

चिठ्ठी आली. पाचच मिनिटं? मग भराभर सांगतो. पिल्लू आठ आठवड्यांचं आणा. पहिले काही महिने मध्ये जाळी हवी. तुम्ही समोर असाल तेव्हाच आत सोडा, तेही दोरी बांधून. सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतचा काळ सर्वांत धोक्याचा, कारण अंगात ताकद येते आणि खेळ सुटलेला नसतो. तोवर एकटं ठेवू नका. कोंबडी कापाल तर आतडी त्याच्यापुढे टाकू नका.

(मागून : "आधी कोंबडी की आधी कुत्रा?" हशा.) आधी कोंबडी! मोठी, जाणती कोंबडी घरात असावी. आमच्याकडे एक खुडूक डालग्यात बसली होती. नवं पिल्लू हुंगायला गेलं, तिने नाकावर एकच टोच मारली. ते केकाटत माझ्या पायाशी आलं. आज ती त्याला ओलांडून पाणी प्यायला जाते, तो डोळाही उघडत नाही. पण रात्री खुराड्याला कडी मीच घालतो. कुत्रा असला तरी कडी हवीच.

ज्यांना बघायचंय त्यांनी उद्या घरी या. खुराडं साडेसहाला उघडतो, त्याआधी या.