पडद्यावरचा हिरवा रंग

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



आपल्यापैकी बहुतेकांचं बँकेत बचत खातं आहे. त्या खात्यावरचं व्याज मोजण्याची रीत १ एप्रिल २०१० रोजी बदलली. त्याआधी महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल, तिच्यावरच त्या महिन्याचं व्याज मिळे. पाच तारखेला पन्नास हजार भरले आणि पंचवीसला काढले, तर त्या पन्नास हजारांवर काहीच नाही. रिझर्व्ह बँकेनं सांगितलं, यापुढे रोजच्या शिल्लकेवर व्याज द्या. ग्राहकाच्या फायद्याची गोष्ट. पण त्यासाठी बँकांना आपले संगणकावरचे प्रोग्रॅम बदलावे लागणार होते आणि तारीख पुढे ढकलायची सोय नव्हती. एका बँकेचं हे काम आमच्या पुण्यातल्या कंपनीकडे आलं. प्रोजेक्ट मॅनेजर मी होतो.

आम्ही आठ जण होतो. कामाचे दीडशे-पावणेदोनशे तुकडे पाडून मी ते संगणकावर मांडले होते. कोणता तुकडा कोणाकडे, कधी सुरू, कधी संपणार, कोणावाचून कोणाचं अडतं, सगळं एका पडद्यावर दिसे. वेळेवर असलेलं काम हिरवं, रेंगाळलेलं पिवळं, अडकलेलं लाल. फेब्रुवारीत माझा पडदा शेतासारखा हिरवागार होता. मी तो वरच्या साहेबांना मोठ्या अभिमानानं दाखवत असे.

आमच्यात एक मुलगी होती, नोकरीचं दुसरंच वर्ष. तिच्याकडे प्रोग्रॅम तपासण्याचं काम होतं. एका मंगळवारच्या बैठकीत ती म्हणाली, ‘‘सर, मागच्या तारखेच्या नोंदींचं काय करायचं?’’ तिचा मुद्दा असा होता. आमचा प्रोग्रॅम रोज रात्री प्रत्येक खात्याची शिल्लक टिपून ठेवायचा. पण बँकेत कधी एखादी नोंद चुकते आणि आठ दिवसांनी ती मूळच्या तारखेनं दुरुस्त होते. मग मधल्या आठ दिवसांच्या टिपलेल्या शिलका चुकीच्या ठरतात. त्या पुन्हा कोण मोजणार?

मी घाईत होतो. म्हणालो, ‘‘प्रश्न नको, उत्तर घेऊन ये.’’ हे वाक्य मी एका व्यवस्थापन शिबिरात शिकलो होतो. सगळे हसले. ती खाली बसली. तिला नेमून दिलेल्या चाचण्या वेळेत झाल्या, त्यामुळे तिच्या कामापुढचा रंग हिरवाच राहिला.

वीस मार्चला बँकेतले एक जुने हेडक्लार्क, निवृत्तीला आलेले, चाळीस खाती घेऊन कॅल्क्युलेटरवर बसले. संध्याकाळपर्यंत त्यांना अकरा खात्यांत फरक सापडला. मुलीनं विचारलेलीच भानगड होती.

मग कंपनीनं, जे सगळेच करतात ते केलं. आणखी सहा माणसं दिली. फ्रेडरिक ब्रुक्स या आयबीएममध्ये काम केलेल्या संगणकतज्ज्ञानं १९७५ सालीच लिहून ठेवलंय, की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामात माणसं वाढवली की काम आणखी लांबतं. कारण जुन्यांना आपलं काम सोडून नव्यांना शिकवावं लागतं, आणि एकमेकांशी बोलायच्या जोड्या भराभर वाढतात. आठ माणसांत अठ्ठावीस जोड्या होतात, चौदांत एक्याण्णव. मी हे पुस्तक वाचलेलं होतं. कपाटात होतंही. तरी मी माणसं घेतली, कारण ‘नको’ म्हणायची हिंमत त्या दिवशी माझ्यात नव्हती.

दहा रात्री आम्ही ऑफिसात काढल्या. शिलका पुन्हा मोजायचा भाग एका मुलालाच नीट कळत होता. त्याचे वडील सांगलीला रुग्णालयात होते. तो गेला नाही, आणि मीही त्याला ‘जा’ म्हणालो नाही. एक एप्रिलला प्रोग्रॅम सुरू झाला. बँकेनं पेढे पाठवले. त्याचे वडील बरे होऊन घरी आले, हे माझं नशीब. त्याचं श्रेय मला नाही.

वेळापत्रकाच्या या पद्धतींचा इतिहास मी नंतर सवडीनं वाचला. १९५८ च्या सुमारास अमेरिकेच्या नौदलाला पाणबुडीवरून सोडायचं पोलारिस क्षेपणास्त्र बनवायचं होतं.  त्यांनी ‘पर्ट’ नावाची पद्धत काढली. तिच्यात प्रत्येक कामाला एक नाही, तीन अंदाज विचारतात. सगळं सुरळीत झालं तर किती दिवस, नेहमीसारखं झालं तर किती आणि सगळंच बिघडलं तर किती. मधल्याला चौपट वजन देऊन तिघांची सरासरी काढायची. मला यात गंमत वाटते ती ही, की वाईट बातमीसाठी या पद्धतीत पहिल्यापासूनच पाटावर जागा मांडलेली आहे. आम्ही मात्र एकच आकडा विचारतो. तोही साहेबाला आवडेल असा. आता तर वेळापत्रक संगणकच मांडून देतो, उशिराचा अंदाजही सांगतो. पण त्याच्या पोटात आपण भरू तेवढंच त्याला ठाऊक.

मी मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला. कोकण रेल्वेसाठी १९९० साली महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले आणि आमच्याकडे जमिनींची मोजणी सुरू झाली. आमच्या मोठ्या काकांकडे, म्हणजे आप्पांकडे, एक तरुण इंजिनिअर मोटारसायकलवर आला. ओटीवर बसून पाणी प्यायला आणि पहिलंच वाक्य बोलला, ‘‘आप्पा, तुमची विहीर जाणार, वाचवता येत नाही.’’ पैसे किती, कधी, हे त्यानंतर. आप्पा दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. पण सही केली. पुढे कित्येक वर्षं सांगायचे, ‘‘त्या पोरान फसवल्यान नाय.’’

त्या मार्गावर ९१ बोगदे आहेत. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा. कातळ होता तिथे स्वीडनहून आणलेली यंत्रं चालली. पण नऊ बोगदे मऊ, पाणी धरून ठेवणाऱ्या मातीत होते आणि तिथे यंत्रांचा उपयोग नव्हता. हातांनी खणायचं, थोडं पुढे सरकायचं, आधार द्यायचा. खणलेलं पुन्हा ढासळे. या मऊ मातीच्या बोगद्यांनी १९ माणसांचा बळी घेतला. पाच वर्षांत पुरी व्हायची रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला संपूर्ण मार्गावर सुरू झाली. गोव्यात मार्गावरून झालेलं आंदोलन आणि पेडण्याच्या बोगद्याची माती, दोन्हींनी वेळ खाल्ला. ती माती अजून शांत नाही. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरून गाड्या थांबल्या होत्या.

अशा बोगद्यात ‘माती ओली लागतेय’ हे सगळ्यांत आधी कोणाला कळतं? ज्याच्या हातात फावडं आहे त्याला. ते ऐकून घ्यायला वर बसलेल्याला दोन गोष्टी लागतात. ओल्या मातीचा अर्थ समजण्याइतकी विद्या, आणि फावडेवाल्याला तोंड उघडावंसं वाटेल असा स्वभाव. माझ्याकडे २०१० साली यातलं काहीच धड नव्हतं. मॅनेजर होऊन सात वर्षं मी एक ओळ प्रोग्रॅम लिहिला नव्हता. लिहीत असतो, तर त्या मुलीचा प्रश्न मिनिटभरात उमगला असता. न उमगता निदान थांबलो असतो, तरी चाललं असतं. आमच्या क्षेत्रात हल्ली ‘तांत्रिक ज्ञान की माणसं सांभाळणं’ असे परिसंवाद होतात. मला त्यात रस वाटत नाही. मला दोन्हींचा तोटा एकाच वाक्यात झालाय.

जूनमध्ये सांगलीच्या त्या मुलानं राजीनामा दिला. दुसरीकडे पगार जास्त आहे म्हणाला. मीही ते मान्य केल्यासारखं दाखवलं.

त्याच्या निरोपाच्या चहाच्या वेळी मी त्या मुलीला बाजूला घेऊन विचारलं, ‘‘मंगळवारच्या त्या बैठकीनंतर पुढचा महिनाभर पुन्हा का नाही बोललीस?’’

ती गोंधळली. म्हणाली, ‘‘सर, तुम्हीच सांगितलं होतंत ना? मी उत्तर शोधत होते.’’