हद्दपारी कोणाला म्हणावी?



तडीपारी हा शब्द आपल्याला नवा नाही. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली माणसाला जिल्ह्याबाहेर काढतात. पण जास्तीत जास्त दोन वर्षं. मुदत सरली की तो आपल्या गल्लीत परत येतो. लोकमान्यांना १९०८ साली ६ वर्षांची सजा देऊन मंडालेला धाडलं. मुंबईच्या गिरणी कामगारांनी ६ दिवस हरताळ पाडला. वर्षाला एक दिवस! १९१४ साली लोकमान्य पुण्याला परतले. घर जागेवर होतं.

आता नगर जिल्ह्याकडे बघा. पारनेर-संगमनेरचा माणूस दुष्काळानं मुंबईला आला, साच्यावर उभा राहिला. हाल झालेच. पण कोरठणच्या खंडोबाची जत्रा आली की रजा टाकून गावी जायचा. ह्याला पोटामागे जाणं म्हणतात. परतीची वाट उघडी होती.

हद्दपारी म्हणजे काय ते मुळशीच्या मावळ्यांना विचारा! मुळा-निळेच्या संगमावर टाटांच्या कंपनीनं धरण बांधायला घेतलं. कशासाठी? मुंबईला, तिथल्या गिरण्यांना वीज पाहिजे म्हणून. पन्नासेक गावांची भातखाचरं बुडणार होती. जमिनी गहाण पडलेल्या. पुण्याचे सावकार मोबदल्याला राजी झाले. कसणारा मात्र नाही म्हणाला. १९२१ साली सत्याग्रह उभा राहिला: जान किंवा जमीन! आपल्या पारनेरचे पांडुरंग महादेव बापट त्यात उतरले आणि तिथेच 'सेनापती' झाले. १९२४ साली कंपनीची रेलगाडी अडवली म्हणून त्यांना ७ वर्षांची सजा झाली. सेनापती सजा भोगून सुटले. मावळ्याची सजा सुटली नाही.

तो काही समुद्रापार गेला नव्हता. कित्येक घरं तिथेच वरच्या उतारावर सरकली. खाली पाणी, पाण्याखाली गाव! त्यांच्या शिक्षेला मुदत नाही, कारण परत जायला गावच उरलं नाही. हद्दपारी मैलांवर मोजू नका. परतीची वाट बुजली की माणूस हद्दपार झाला.

कडू वाटेल, पण बोललं पाहिजे. आपला साचा ज्या विजेवर फिरला, ती त्यांच्या विझलेल्या चुलीतून आली. दोष तुमचा नाही. धरण बांधताना तुम्हाला कोणी विचारलं नव्हतं. पुढे १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या, हजारो कामगार बिऱ्हाड आवरून गावी गेले, गिरणीच्या जागेवर टॉवर उठले. मावळ्याचं दुःख तेव्हा आपल्या दारी आलं. धरण उभंच आहे.

१०६ हुतात्म्यांच्या रक्तावर १ मे १९६० ला हे राज्य झालं. ते कष्टकऱ्याचं म्हणवायचं असेल, तर एकच हुकूम हवा: आधी गाव वसवा, मग भिंत बांधा! आणि कामगारांनो, दिवा लावाल तेव्हा विचारा, ही वीज कोणाच्या गावावरून आली?

जय महाराष्ट्र!