फलाट कोणाचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



रेल्वेचा प्रश्न निघाला की राजकीय कार्यकर्त्याचे लक्ष गाडीकडे जाते, स्थानकाकडे जात नाही. नवी गाडी सुरू झाली की सत्कार होतात, थांबा मिळाला की पेढे वाटले जातात आणि गाडी बंद झाली की मोर्चा निघतो. हे सारे योग्यच आहे. परंतु प्रवाशाचा रेल्वेशी संबंध गाडीत पाऊल ठेवण्यापूर्वीच जडलेला असतो. तिकिटाची खिडकी, पिण्याचे पाणी, डोक्यावरची सावली, गाडी कोठे आणि केव्हा लागणार हे सांगणारा आवाज आणि अन्याय झाल्यास दाद मागण्याची जागा या पाच ठिकाणी राज्यसंस्था सामान्य माणसाशी बोलत असते. ती कोणाशी कोणत्या भाषेत बोलते आणि कोणाशी मुळीच बोलत नाही, हे पाहावयाचे असेल तर नंदुरबार जिल्ह्यातील स्थानकांकडे पाहावे.

सुरतेहून तापीच्या खोऱ्यातून अमळनेरकडे येणारा लोहमार्ग तापी व्हॅली रेल्वे या खाजगी कंपनीने १९०० च्या सुमारास पुरा केला. मुंबईची किलिक निक्सन ही पेढी तिचा कारभार पाहत असे. गुजरातेत ज्याला छप्पनियो म्हणतात त्या महादुष्काळाचीही हीच वर्षे होत. आगगाडी आणि उपासमार या मुलखात जवळजवळ एकाच वेळी अवतरली, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. या मार्गाचा आराखडा व्यापाराच्या हिशेबाने झाला होता, डोंगरात राहणाऱ्या माणसाच्या सोयीने नव्हे. त्याचे परिणाम आजही नकाशावर दिसतात. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात सहा तालुके आहेत. त्यांपैकी केवळ नवापूर आणि नंदुरबार या दोन तालुक्यांतून रेल्वे जाते. शहादे, तळोदे, अक्कलकुवा आणि अक्राणी या चार तालुक्यांत रेल्वेचा एकही रूळ नाही. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ४८ हजार होती आणि तीत आदिवासींचे प्रमाण ६९ टक्क्यांच्या घरात होते. तात्पर्य, ज्या जिल्ह्याचे बहुसंख्य लोक आदिवासी आहेत, तेथील सातपुड्यातल्या माणसाला रेल्वे ही दोन-तीन वाहने बदलल्यावर लाभणारी वस्तू आहे.

मोलगी वा धडगावच्या बाजूचा प्रवासी प्रथम जीपने किंवा एस.टी.ने घाट उतरतो, मग तापी ओलांडून नंदुरबारला पोचतो. एस.टी.चे वेळापत्रक एका कार्यालयात तयार होते आणि रेल्वेचे दुसऱ्या. या दोहोंची गाठ पडावी अशी व्यवस्था कोणावरच सोपविलेली नाही. म्हणून पहाटेच्या गाडीसाठी आदल्या संध्याकाळीच निघावे लागते आणि रात्र स्थानकाच्या आवारात गाठोड्यावर डोके टेकून काढावी लागते. वरच्या वर्गाच्या तिकिटाला प्रतीक्षालयाचे दार उघडते. साध्या तिकिटाला ओटा पुरेसा मानला जातो. गाडी येते तेव्हा अनारक्षित डबे बहुधा अगदी पुढे किंवा अगदी मागे असतात. लहान स्थानकावर थांबा एक-दोन मिनिटांचा. कडेवर मूल, डोक्यावर ओझे आणि हातात म्हातारीचा हात अशा अवस्थेत फलाटाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावणे हा या प्रवाशांचा नित्याचा अनुभव आहे. त्याला कोणी अपघात म्हणत नाही, कारण त्याची सवय झाली आहे. सवय झालेल्या अन्यायाची तक्रारवहीत नोंद होत नसते.

आता नवापूरच्या स्थानकाकडे वळू. भारतात स्थानके हजारो आहेत, पण असे स्थानक विरळा. १ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्याची विभागणी झाली आणि सीमारेषा या आधीच उभ्या असलेल्या स्थानकाच्या मधून गेली. फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात राहिला, दुसरा गुजरातेत गेला. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात आहे, तर स्थानकप्रमुखाचे कार्यालय गुजरातेत. फलाटावरील एका बाकावर दोन्ही राज्यांची नावे रंगविलेली आहेत. त्यावर बसून लोक हौसेने छायाचित्रे काढून घेतात. बाक एक, बसणारे दोन राज्यांत! पाहुण्याला याची गंमत वाटते आणि ती वाटण्यास हरकतही नाही. परंतु ज्या माणसाला पोटासाठी ही रेषा दरवर्षी ओलांडावी लागते, त्याला ती गंमत परवडत नाही.

नवापूरला उद्घोषणा हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा चार भाषांत होतात, याचे वृत्तपत्रांतून कौतुक झाले आहे. चार भाषांचा हा शेजार सुंदर आहे, यात संशय नाही. मात्र त्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसांची घरची भाषा कोणती? मावची, भिली, कोकणी, पावरी. या बोलींचे लोक सीमेच्या दोन्ही बाजूंस राहतात. त्यांची सोयरीक, त्यांचे बाजार, त्यांचे देव या रेषेहून जुने आहेत. दोन राज्यांनी आपापली राजभाषा फलाटावर आणून ठेवली, केंद्राने आणखी दोन आणल्या. ज्याची भूमी आहे त्याची भाषा मात्र ध्वनिक्षेपकापर्यंत पोचली नाही. फलाट बदलल्याची सूचना न समजल्यामुळे ज्याची गाडी चुकते, त्याचा दिवसाचा रोजगार बुडतो. भाषेचा प्रश्न हा केवळ अस्मितेचा नसून मजुरीचाही आहे, हे येथे ढळढळीतपणे दिसते.

दुसरा प्रश्न संरक्षणाचा. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत रेल्वे हा विषय संघसूचीत आहे. पोलीस, आणि त्यात रेल्वे पोलीसही, राज्यसूचीत आहेत. म्हणजे नवापूरच्या फलाटावर रेल्वे एक आणि पोलिसांच्या हद्दी दोन. गुजरातेत दारूबंदी आहे, महाराष्ट्रात ती नाही. त्यामुळे फलाटाच्या एका टोकाला जो गुन्हा, तो दुसऱ्या टोकाला गुन्हा असेलच असे नाही. एखाद्या मजूर बाईची हंगामाची कमाई गर्दीत चोरीला गेली तर ती कोठे उभी असताना गेली, हे तिने पावले मोजून सांगावे काय? कायद्याने याचे उत्तर दिलेले आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीचा विचार न करता कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ‘ही आमची हद्द नव्हे’ हे उत्तर आता कायदेशीर उरलेले नाही. ही माहिती त्या फलाटावर तिथल्या बोलीत सांगणारा माणूस हवा. तो माणूस कार्यकर्त्यावाचून दुसरा कोण असणार?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. नंदुरबार जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीला, वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर दक्षिण गुजरातेत जातात. बारडोलीच्या साखर कारखान्यांकडे खानदेशातून येणाऱ्या ऊसतोड्यांवर यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकापासून विस्ताराने लिहिले आहे. या मजुरांना मुकादम पुष्कळदा मालमोटारीत भरून नेतो. मालमोटारीचे तिकीट नसते. प्रवास कोणत्या दिवशी झाला, कोठून कोठे झाला, किती माणसे गेली, याचा लिखित पुरावा मागे राहत नाही. पुढे मजुरी बुडाली, अपघात झाला, बाळंतपणात स्त्री दगावली, तर ही माणसे त्या गावी आलीच नव्हती असेही म्हणता येते. रेल्वेच्या साध्या तिकिटावर प्रवाशाचे नाव नसते हे खरे. परंतु तारीख, स्थानके आणि प्रवाशांची संख्या असते. दरिद्री माणसाच्या स्थलांतराचा एवढाच एक सरकारी कागद! १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने जाण्यायेण्याचे भाडे देण्याची जबाबदारी कंत्राटदारावर टाकली होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही प्रवासभत्त्याची तरतूद आहे. भाडे मागायचे तर तिकीट दाखवावे लागेल, आणि तिकीट दाखवायचे तर ते देणारी खिडकी त्या वेळी उघडी हवी. तिकिटाची खिडकी ही या अर्थाने कामगारहक्काची खिडकी आहे.

कोणी म्हणेल, आता खिडकीची गरजच काय? तिकीट दूरध्वनीवर निघते, यंत्रातून निघते. या युक्तिवादाची परीक्षा इंग्लंडमध्ये नुकतीच झाली आहे आणि ती उद्बोधक आहे. तेथे १९६३ साली डॉ. रिचर्ड बीचिंग यांनी अहवाल देऊन २,३६३ स्थानके व थांबे बंद करण्याची शिफारस केली. लहान स्थानकांचे उत्पन्न थोडे, म्हणून ती ओझे, असा त्यांचा हिशेब होता. त्यांतील पुष्कळशी बंद झाली, गावे तुटली आणि रेल्वेचा तोटा काही संपला नाही; कारण गावातील थांबा गेल्यावर प्रवासी मोठ्या स्थानकावर जाण्याऐवजी रेल्वेलाच सोडून गेला. पुढे १९९३ च्या कायद्याने तेथील रेल्वेचे खाजगीकरण झाले. २०२३ च्या उन्हाळ्यात रेल्वे कंपन्यांनी इंग्लंडमधील बहुतेक तिकीट-खिडक्या बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. खिडकीवर सुमारे १२ टक्केच तिकिटे विकली जातात, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर लोकांचे मत मागविण्यात आले आणि सुमारे साडेसात लाख प्रतिसाद आले. अंध, अपंग, वृद्ध, यंत्र न वापरणारे आणि रोखीने व्यवहार करणारे लोक पुढे आले. रेल्वे कामगार संघटना त्यांच्यासोबत उभ्या राहिल्या. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी तेथील सरकारने कंपन्यांना प्रस्ताव मागे घ्यावयास सांगितले.

यातील मुद्दा ध्यानात घेण्यासारखा आहे. शंभरातील अठ्ठ्याऐंशी तिकिटे अन्यत्र निघतात म्हणून उरलेली बारा बिनमहत्त्वाची ठरत नाहीत. खिडकीपाशी जे उरतात ते बहुतांशी असेच लोक असतात की ज्यांना दुसरा मार्ग नाही. सार्वजनिक सेवेचे मोजमाप सरासरीने करावयाचे नसते. शेवटच्या माणसाने करावयाचे असते. इंग्लंडसारख्या सधन आणि साक्षर देशात ज्या खिडकीची गरज लोकांनी सिद्ध केली, तिची गरज नवापूर, चिंचपाडा, खांडबारा येथे किती पटींनी अधिक असेल!

भारतीय रेल्वेने सामान्य प्रवाशाचा विचार कधी केलाच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९७७ ते १९७९ या काळात मधु दंडवते रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील लाकडी फळीवर गादी आली ती त्यांच्या कारकीर्दीत, आणि मुंबई–हावडा गीतांजली एक्स्प्रेस ही वर्गभेद नसलेली गाडी १९७७ मध्ये त्यांनीच सुरू केली. फळीवरची दोन इंचांची गादी ही लहान गोष्ट वाटेल. पण अग्रक्रम बदलता येतो याचा तो पुरावा होता. अगदी अलीकडेही, एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या लाटेत रुग्णालयांतील खाटा अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा नंदुरबार स्थानकात विलगीकरणाचे डबे आणून उभे करण्यात आले होते. मनात आणले तर रेल्वे या जिल्ह्यासाठी काय करू शकते, हे त्यावरून दिसले.

परंतु त्याच काळातला दुसरा अनुभवही विसरून चालणार नाही. टाळेबंदीनंतर साध्या पॅसेंजर गाड्या ‘विशेष’ या नावाने धावू लागल्या आणि किमान भाडे १० रुपयांवरून ३० रुपयांवर गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते पूर्ववत झाले. संकट ओसरल्यावरही नवापूर-नंदुरबारसारखा जवळचा प्रवास करणाऱ्या विद्यार्थ्याला, भाजीवालीला आणि मजुराला हा भुर्दंड सोसावा लागला. उधना ते जळगाव या सुमारे ३०० किलोमीटरांच्या मार्गाचे दुहेरीकरण आणि विद्युतीकरण पुरे होऊन १६ फेब्रुवारी २०१९ रोजी त्याचे लोकार्पण झाले. त्याच दिवशी भुसावळ–वांद्रे खान्देश एक्स्प्रेसही सुरू झाली. या सुधारणांचे स्वागतच केले पाहिजे. मात्र दुहेरी मार्गाने जी क्षमता वाढली, तिच्यातील लहान स्थानकांचा वाटा किती, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. ६ ऑगस्ट २०२३ रोजी देशातील ५०८ स्थानकांच्या पुनर्विकासाची पायाभरणी झाली. कमानी आणि दिवे उभारले जातील. त्या कमानीखाली रात्र काढणाऱ्या कुटुंबाला निजायला जागा आणि प्यायला पाणी मिळेल काय, ही पुनर्विकासाची खरी कसोटी होय.

मग कार्यकर्त्यांनी काय करावे? निवेदनांची संख्या वाढवून फारसे साधणार नाही. प्रथम प्रत्येक स्थानकावर आठ दिवस बसून नोंद करावी: खिडकी केव्हा उघडली, केव्हा मिटली, नळाला पाणी होते की नाही, किती जणांची गाडी चुकली आणि का. ही वही हातात असली की अधिकाऱ्याशी बोलणे सोपे जाते. प्रत्येक स्थानकावर तक्रारवही असते. ती मागून घेण्याचा आणि १३९ या क्रमांकावर तक्रार नोंदविण्याचा हक्क प्रवाशाला आहे, हे लोकांना शिकवावे. मावची आणि भिली बोलींतून उद्घोषणा व्हाव्यात, एस.टी. आणि रेल्वेच्या वेळा जुळाव्यात, अनारक्षित डबे वाढावेत आणि ते कोठे लागणार हे आधी सांगितले जावे, या मागण्या खर्चिक नाहीत. दिवाळीनंतर जाणाऱ्यांची आणि होळीला सातपुड्यात परतणाऱ्यांची गर्दी असते, त्या दिवसांत नवापूरच्या फलाटावर दोन्ही राज्यांच्या कामगार खात्यांचे एक संयुक्त नोंदणी-टेबल असावे. बाक दोन राज्यांचे असू शकते, तर टेबल का असू नये?

रेल्वेचा रूळ सीमा पाहून थांबत नाही आणि भूकही थांबत नाही. हद्द आडवी येते ती फक्त जबाबदारीला. ती जबाबदारी दोन्ही सरकारांना आणि रेल्वेला एकाच वेळी घ्यावयास लावणे, हे नंदुरबारमधील चळवळीचे काम आहे. फलाट कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राचा किंवा गुजरातचा असे असूच शकत नाही. जो रात्रभर त्यावर गाडीची वाट पाहतो, त्याचा तो आहे. हे उत्तर वेळापत्रकात, खिडकीच्या तासांत आणि उद्घोषणेच्या भाषेत उतरेपर्यंत कार्यकर्त्याने फलाट सोडता कामा नये.