रविवार संपतो, मग मधले सहा दिवस?

 

आज एक साधा प्रश्न घेऊन आलोय. रविवारी सकाळी आपण उपासनेला जातो. गीतं गातो, उपदेश ऐकतो, दारात पाळकसाहेबांशी हात मिळवतो. ‘कसा आहेस रे?’ ‘बरं चाललंय, प्रभूची कृपा.’ झालं, घरी. पण सोमवारी ईएमआय कापला जातो, मंगळवारी साहेब ओरडतो, बुधवारी आईचे रिपोर्ट येतात. त्या वेळी माझा विश्वास कुठे असतो? आणि त्याहून अवघड प्रश्न म्हणजे, त्या वेळी माझ्या मंडळीतल्या कुणाला तरी माझ्याबद्दल काही माहीत असतं का?

हा प्रश्न मला पुस्तक वाचून पडलेला नाही. एका पेट्रोल पंपावर पडला.

मी पिंपरी-चिंचवडला राहतो. आमचा सात-आठ जणांचा एक छोटा गट आहे. दर गुरुवारी रात्री आठला कुणाच्या तरी घरी जमतो. एक नर्स मावशी, कॉलेजच्या दोन मुली, एक नवरा-बायको, मी, आणि एक दादा. हा दादा ढोलकी वाजवायचा. तो नसला की गाणी लंगडी पडायची. एका गुरुवारी तो आला नाही. ‘शिफ्ट बदललीय’ म्हणाला. पुढच्या गुरुवारीही नाही. आम्ही ग्रुपवर हात जोडलेले इमोजी टाकले, ‘मिस यू दादा’ लिहिलं आणि आमच्या कामाला लागलो. असे चार महिने गेले.

एका रात्री साडेअकराला पेट्रोल भरायला थांबलो, तर पुढच्या गाडीवर हाच. पाठीवर जेवण पोचवणाऱ्यांची ती मोठी चौकोनी बॅग. कंपनीतली नोकरी चार महिन्यांपूर्वीच गेली होती. मी म्हटलं, ‘दादा, अरे सांगायचं ना!’ तो हसला आणि म्हणाला, ‘गुरुवारी सगळे आशीर्वादाची साक्ष देतात. माझ्याकडे सांगायला आशीर्वाद नव्हता.’

मित्रांनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण तो खरं बोलला होता. आम्ही प्रेमळ होतो, प्रार्थना करत होतो, पण आमच्या बैठकीत अपयशाला बसायला जागाच नव्हती.

मग मी पवित्र शास्त्र पुन्हा उघडलं, या वेळी फक्त एकच गोष्ट शोधायला. पहिले ख्रिस्ती लोक जमायचे कुठे? बहुतेक वेळा घरात! प्रिस्किल्ला आणि अक्विला हे राहुट्या करणारं जोडपं. दिवसभर हाताला काम आणि त्यांच्याच घरी मंडळी. फिलिप्पैमधली लुदिया जांभळी वस्त्रं विकायची, तिनं पौलाला आग्रहानं घरी उतरवून घेतलं. त्रोवसमध्ये तर माडीवरच्या खोलीत पौलाचं भाषण मध्यरात्रीपर्यंत चाललं आणि खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण झोपेत तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला! मग पौल खाली गेला, त्याला कवटाळलं आणि तो जिवंत असल्याचं सांगितलं. लांबलचक उपदेश करणाऱ्यांनी ही गोष्ट अधूनमधून वाचावी.

पण हे गटही काही आदर्श नव्हते. करिंथच्या मंडळीला पौलानं चांगलंच खडसावलंय. तिथे लोक प्रभुभोजनासाठी जमायचे, पण काही जण आधीच जेवून घ्यायचे आणि ज्यांच्याकडे काही नाही ते उपाशी राहायचे. एक पोटभर जेवलेला, एक भुकेला, आणि दोघांचं नाव एकच, ‘मंडळी’. हे वाचताना मला पेट्रोल पंपच दिसला. आम्ही साक्षी देऊन तृप्त झालो होतो आणि आमचा एक माणूस बाहेर भुकेला फिरत होता.

दुसरी गोष्ट इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातली, साल 1742. जॉन वेस्ली आणि त्यांच्या मेथडिस्ट लोकांनी बांधलेल्या सभागृहावर कर्ज झालं होतं. ते फेडायचं कसं? कॅप्टन फॉय नावाच्या एका गृहस्थानं सुचवलं, की प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणीतरी म्हणालं, पुष्कळ जण गरीब आहेत, त्यांना तेवढीही परवडणार नाही. त्यावर तो म्हणाला, सगळ्यात गरीब असे अकरा जण माझ्याकडे द्या, त्यांना जमलं नाही तर त्यांचे पैसे मी भरीन. मग बारा-बारा जणांचे गट पडले आणि प्रत्येक गटाचा पुढारी दर आठवड्याला घरोघर जाऊ लागला. पैसे गोळा करायला गेलेल्या या लोकांना घराघरातलं खरं आयुष्य दिसलं. कुठे भांडण, कुठे दारू, कुठे दुखणं. वेस्लींच्या लक्षात आलं, की आपल्याला हवं होतं ते हेच! पुढे घरोघर जाण्याऐवजी तो गट एकत्र बसू लागला. कर्ज फेडायला काढलेली युक्ती माणसं सांभाळायची पद्धत झाली.

आणि हे सगळं परदेशातलंच आहे असं समजू नका. आपले रेव्हरंड नारायण वामन टिळक आयुष्याच्या शेवटी, 1917 साली, मिशनचं काम सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा करू लागले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे एकत्र भावंडांसारखे राहतील, हे त्यांचं स्वप्न होतं. 1919 मध्ये ते गेले आणि हे काम कोवळं असतानाच त्यांची साथ सुटली. पण संस्थेच्या चौकटीपेक्षा माणसांचा जिव्हाळा आधी, हा विचार या मातीतलाच आहे. वसई-मुंबईकडच्या माझ्या कॅथलिक मित्रांनाही हे नवं नाही. तिथे धर्मग्रामातल्या शेजारच्या घरांचे छोटे समूह असतात आणि ते एकमेकांच्या सुखदुःखात धावून जातात.

बरं, मग आम्ही काय बदललं? फार काही नाही, चारच गोष्टी.

पहिली, आधी जेवण. उशिरा येणाऱ्याचं ताट झाकून ठेवायचं. पिठलं-भाकरी असो की वडापाव, पण कुणी उपाशीपोटी प्रार्थना करायची नाही.

दुसरी, ‘कसा आहेस’ हा प्रश्न बंद. त्याऐवजी विचारायचं, ‘या आठवड्यात सगळ्यात जड काय गेलं?’ आणि उत्तर आलं की लगेच वचन फेकायचं नाही. आधी ऐकायचं. शांतता झाली तरी चालेल. पहिल्या गुरुवारी आम्ही तीन-चार मिनिटं नुसते पंख्याकडे बघत बसलो होतो! मग नर्स मावशी बोलल्या. वॉर्डमध्ये एक पेशंट गेला, तेव्हापासून त्यांना प्रार्थनाच करता येत नव्हती. आम्हाला वाटायचं, मावशींचा विश्वास म्हणजे खडक!

तिसरी, जो आला नाही त्याच्या घरी जायचं. मेसेज नाही, फोनही नाही, दारात जायचं. दोन गुरुवार चुकले की तिसऱ्या दिवशी कुणीतरी चहाला हजर.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची. खोलीत बोललेलं खोलीतच राहील. ‘तिच्यासाठी प्रार्थना करा हं, तिच्या घरी असं असं झालंय’ म्हणत गावभर सांगणं, ही प्रार्थना नाही, चुगली आहे. आपल्याकडे छोट्या गटांचं वाटोळं यातूनच होतं.

आणखी एक सावधगिरी सांगतो. कुणाचं मन खूप खचलं असेल, कुणी जीव नकोसा झालाय म्हणत असेल, तर त्याला एकटं सोडू नका. प्रार्थना कराच, पण त्याला डॉक्टरांकडेही घेऊन जा. डॉक्टरांकडे जाणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे. आणि गटातला कुणी पुढारी ‘मला विचारल्याशिवाय लग्न ठरवू नकोस, नोकरी बदलू नकोस’ असं म्हणायला लागला, तर बिनधास्त बाहेर पडा. आधार देणं वेगळं आणि ताबा घेणं वेगळं.

दादाचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. मी आणि मावशी त्याच्या घरी गेलो. माफी मागितली. त्यानं चहा दिला, पण ‘येतो’ म्हणाला नाही. दीड महिन्यानं एका गुरुवारी रात्री नऊला बेल वाजली. दारात तो, बॅगेसकट. झाकून ठेवलेलं ताट त्यानं खाल्लं. त्याची पाळी आली तेव्हा म्हणाला, ‘या आठवड्यात मुलीची फी भरता आली नाही.’ बस, एवढंच. कुणी उपदेश केला नाही. पुढच्या रविवारपर्यंत आम्ही मिळून निम्मी फी जमवली, उरलेल्या निम्म्याचं त्यानं बघितलं. त्याला अजून मनासारखी नोकरी मिळालेली नाही. ढोलकीही तो रोज वाजवत नाही. पण येतो. आणि जे आहे ते सांगतो.

मला वाटतं, ख्रिस्तानं शिष्यांचे पाय धुतले तेव्हा त्याला हेच दाखवायचं होतं. पाय धुवायचे तर वाकावं लागतं, आणि धुवून घ्यायचे तर मळलेला पाय पुढे करावा लागतो. आपल्याला पहिलं थोडंफार जमतं, दुसरं अजिबात जमत नाही.

तर या आठवड्याचं काम. मोठा गट काढू नका, लोगो बनवू नका. फक्त दोन माणसं शोधा, ज्यांना तुम्ही खरं सांगू शकाल. आणि तुमच्या मंडळीत गेले काही रविवार न दिसलेला एक चेहरा आठवा. इमोजी पाठवू नका, त्याच्या दारात जा. चहा तो देईलच.

पुढच्या भागात भेटू. तोवर सांभाळून राहा, आणि एकमेकांना सांभाळा. सलाम!