मिरजेचे मिशन रुग्णालय

वैद्यकीय मिशन, म्हणजे धर्मप्रसाराच्या जोडीने रुग्णसेवेचे व्रत घेतलेली ख्रिस्ती संस्था, मिरजेत विशेष खोलवर रुजली. १८८९ मध्ये भारतात आलेले कॅनेडियन शल्यचिकित्सक विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये येथे रुग्णालय उघडले आणि रेल्वेच्या सोयीमुळे लांबलांबच्या गावांतील गोरगरीब तेथे येऊ लागले. त्यांत मोतीबिंदूचे, म्हणजे डोळ्यातील पारदर्शक भिंग गढूळ होऊन दृष्टी गेलेले, रुग्ण पुष्कळ असत. त्या काळी हे भिंग काढल्यावर रुग्णाला डोळ्यांवर पट्टी बांधून, मान न हलवता, कित्येक दिवस उताणे पडून राहावे लागे. मग जाड काचांच्या चष्म्यातून त्याला पुन्हा ताटातली भाकरी दिसे, आणि हातावर पोट असणाऱ्या माणसाला हे केवढे मोठे दान होते! धर्मप्रसाराच्या हेतूविषयी मतभेद झाले व ते रास्तही होते, परंतु त्यामुळे या सेवेचे मोल उणावत नाही. पुढे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम, म्हणजे मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार यांवर भर देणारे निवासी उपचारकेंद्र, सांगली-मिरज रस्त्यालगत उभे राहिले आणि तो परिसर वानलेसवाडी या नावाने ओळखला जाऊ लागला.